ग्वाल्हेरची बेडई आणि महालातलं तिरफळ

महाल पाहायला तिकीट काढून जाणं माझ्या आईला कधी आवडलं नाही. दोरीच्या अलीकडे उभं राहून कुणाचा तरी पलंग बघायचा, कुणाची तरी ताटं बघायची आणि मागची माणसं ढकलायला लागली की पुढे सरकायचं. "एवढं मोठं घर आणि बस म्हणायला कुणी नाही," असं ती म्हणते. वेंगुर्ल्याच्या घरात वाढलेल्या बाईला हे खटकणारच. तिथे दारात आलेल्या माणसाला आधी गूळपाणी आणि मग चौकशी. म्हणून पंचाहत्तरीला दादाने तिला काय हवं असं विचारलं तेव्हा ती म्हणाली, "मला एकदा महालात राहायचंय. आणि त्या गावचं खायचंय."

दादाच्या मनात उदयपूर होतं, वहिनीच्या जयपूर. आईने ग्वाल्हेर सांगितलं. तिची एक आत्या ग्वाल्हेरला लष्कर भागात दिली होती. ती मे महिन्यात माहेरपणाला आली की रात्री अंगणात पोरांना घेऊन बसायची आणि बाड्यावरचे दिवे, थंडीतली जत्रा, घोड्यांचा बाजार असं काय काय सांगायची. ती जत्रा म्हणजे ग्वाल्हेरचा मेळा. माधवराव शिंद्यांनी 1905 साली सुरू केला, तो अजून भरतो. आईने तो मनात इतक्या वेळा पाहिला होता की प्रत्यक्ष जायचं ठरल्यावर ती दोन-तीन दिवस नीट जेवलीसुद्धा नाही.

आम्ही संक्रांतीच्या सुमारास गेलो. उत्तरेत तेव्हा धुकं असतं, गाड्या रखडतात, हे सगळं माहीत असून. कारण ग्वाल्हेरला खायला जायचं तर थंडीतच जावं. उन्हाळ्यात तिथली हवा भाजून काढते आणि गजक, म्हणजे तिथली तीळगुळाची पापुद्र्यांची मिठाई, मिळत नाही. पुण्याहून गोवा एक्स्प्रेसने निघालो. भोपाळ गेल्यावर खिडकीबाहेर पांढऱ्याशिवाय काही दिसेना. ग्वाल्हेरच्या फलाटावर उतरलो तेव्हा आईने शालीवर शाल गुंडाळली होती, आणि दादाची मुलगी तोंडातून वाफ काढून दाखवत होती.

उतरलो ते ताजच्या उषा किरण पॅलेसमध्ये. शिंद्यांच्या जयविलास महालाला लागून असलेली ही शंभरीच्या पुढची वास्तू. पूर्वी शिंद्यांचे पाहुणे इथे उतरत. गाडी आत वळल्यावर आधी हिरवळ दिसली, मग दगडी जाळ्या. ग्वाल्हेरचा वालुकाश्म कोरायला चांगला, आणि तिथल्या कारागिरांनी त्यात जे नाजूक काम केलंय त्यावर हिवाळ्याचं तिरपं ऊन पडलं की व्हरांड्याच्या फरशीवर सगळी नक्षी उतरते. आई त्या व्हरांड्यात किती तरी वेळ चालली. गुडघ्यांमुळे ती एरवी घरातल्या घरातही आधार शोधते. इथे फरशी सपाट, जागोजागी बसायला खुर्च्या आणि वाटेत कुणी घाई करणारं नाही.

हॉटेलवर पैसे खर्च करण्याबद्दल आपल्याकडे एक ठाम मत असतं: झोपायलाच तर जायचंय तिथे. मीही हे ऐकत मोठी झाले. लहानपणच्या सगळ्या सहली धर्मशाळांत आणि भक्तनिवासांत झाल्या, आणि त्या आनंदाच्या होत्या. पण तेव्हा आई पस्तिशीची होती. रात्री चटईवर झोपून पहाटे पाच वाजता थंड पाण्याने अंघोळ करून ती सगळ्यांच्या आधी तयार असायची. पंचाहत्तरीच्या बाईला हे करायला लावायचं आणि वर म्हणायचं की तुला फिरायला आणलं, हे मला पटत नाही. तिला रात्री उबदार खोली मिळाली, अंथरुणात गरम पाण्याची पिशवी मिळाली, पडायची भीती वाटणार नाही असं न्हाणीघर मिळालं. म्हणून ती दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता आपणहून म्हणाली, "चला, ते काय ते गरम गरम खायला." त्या खोलीच्या भाड्यात साध्या हॉटेलातला आठवडा निघाला असता, हे खरं आहे. पण मग सकाळी बाहेर पडलो असतो आम्ही चौघं, आणि आईसाठी कागदात बांधून काहीतरी आणलं असतं. बेडई बांधून आणायची गोष्टच नाही.

बेडई म्हणजे कणकेची पुरी. आत वाटलेल्या उडीद डाळीचं पुरण. त्यात हिंग, बडीशेप आणि थोडं तिखट. कचोरीसारखी ती कडक नसते. फुगते, वरून किंचित कुरकुरीत होते आणि आतून मऊ राहते. तिच्याबरोबर बटाट्याची पातळ भाजी, कांदा-लसणाशिवाय, बटाटे हाताने फोडलेले, रसात हिंगाचा आणि आमचुराचा वास. ही सगळी मांडणी द्रोणात. ग्वाल्हेर-आग्रा-मथुरा या पट्ट्यात सकाळ अशीच सुरू होते, आणि दहा-साडेदहाला कढई उतरली की संपली. उशिरा उठणाऱ्यासाठी कुणी थांबत नाही.

आम्ही गेलो त्या दुकानाचं नाव सांगण्यासारखं काही नाही. लष्करच्या एका गल्लीच्या तोंडाशी लावलेली कढई, मागे एक अंधारी खोली, पुढे धुक्यात उभी असलेली माणसं. कुणी मफलरमध्ये, कुणी अंगावर घोंगडी. आईला बघितल्यावर हलवायाने आपलं स्टूल पुढे केलं. "माताजी, आप बैठिए," म्हणाला, आणि पहिला द्रोण तिलाच दिला. तिने घास घेतला, डोळे मिटले आणि म्हणाली, "हिंग बघ कसा घातलाय. पुरणात वेगळा, रसात वेगळा." मला तोवर ते कळलंच नव्हतं. मग मीही लक्ष देऊन खाल्लं. पुरणातला हिंग डाळीबरोबर वाटलेला, मंद. रसातला फोडणीतला, वर येणारा. तिने दुसरी बेडई मागितली, वर जिलबी. तिथे बेडईनंतर जिलबी खातात आणि ती कढईतून सरळ पाकात आणि पाकातून सरळ हातात येते. बोटं भाजतात. थंडीत ते भाजणंही सुखाचं वाटतं.

खाऊन झाल्यावर बाड्यावर गेलो. महाराज बाडा हा लष्करचा मधला चौक. चहूबाजूंनी एकेक इमारत वेगळ्या घाटाची: टपाल कार्यालय, व्हिक्टोरिया मार्केट, टाउन हॉल, गोरखीचा जुना राजवाडा. दौलतराव शिंद्यांनी 1810 च्या सुमारास उज्जैनहून मुक्काम हलवला आणि किल्ल्याच्या पायथ्याशी छावणी टाकली. त्या छावणीचंच पुढे शहर झालं. मराठ्यांच्या तळाबरोबर बाजार चालत असे. वाणी, हलवाई, तांबोळी, सगळे तळामागे तळ हलवायचे. मग एक दिवस तळ हलायचा थांबला आणि बाजार जिथे होता तिथे रुजला. बाड्यावर उभं राहून मला वाटत होतं की मघाची कढईसुद्धा याच बाजाराची नातवंड असणार. सैन्याला खाऊ घालायला बसलेला बाजार अजून उठलेला नाही.

नया बाजारात बहादुराकडे गेलो. जुनं, साधं दुकान, बसायला फारशी सोय नाही. तिथले बुंदीचे लाडू आणि गुलाबजाम सगळ्या गावात नावाजलेले. अटलबिहारी वाजपेयींचा जन्म ग्वाल्हेरचा आणि त्यांना हे लाडू प्रिय होते, हे तिथला प्रत्येक जण अभिमानाने सांगतो. वहिनीला गोड फारसं आवडत नाही. तिने अर्धा लाडू घेतला आणि उरलेला अर्धा परत मागितला. तुपाचा वास हाताला दुपारपर्यंत राहिला.

दुपारी जयविलास. आईला नको होतं, आधी सांगितलं त्या कारणासाठी. पण शेजारीच आहे म्हणून आली. 1874 मध्ये जयाजीराव शिंद्यांनी हा महाल बांधून घेतला, रचना मायकेल फिलोज यांची. प्रिन्स ऑफ वेल्सच्या, म्हणजे पुढे सातवा एडवर्ड झाले त्यांच्या, स्वागताची ती तयारी होती. 1964 पासून त्याचा एक भाग लोकांना पाहायला खुला आहे. दरबार हॉलमधली झुंबरं प्रत्येकी साडेतीन टनांची. छत ते वजन पेलेल का, हे बघायला आधी छतावर हत्ती चढवले होते म्हणतात. सगळे माना वर करून उभे राहतात.

आई मात्र जेवणाच्या दालनात थांबली. लांबलचक मेजावर रूळ बसवलेले आणि त्यावर चांदीची छोटी आगगाडी. जेवणानंतर ही गाडी पाहुण्यांसमोरून फिरायची. डब्यांवर काचेच्या सुरया, सिगार. पाहुण्याने सुरई उचलली की गाडी थांबायची आणि परत ठेवली की पुढे निघायची. माधवराव शिंद्यांना रेल्वेचं वेड होतं. त्यांच्या काळातली दोन फुटी रुळांवरची छोटी गाडी ग्वाल्हेरहून श्योपूरपर्यंत जवळजवळ दोनशे किलोमीटर धावायची, ती अगदी 2020 पर्यंत चालू होती. ज्या माणसाने प्रजेसाठी रूळ टाकले त्याच्याच घरी जेवणाच्या मेजावरही रूळ असावेत, हे मला फार आवडलं. आईला दुसरंच काही आवडलं. "बघ," ती म्हणाली, "पाहुण्याचं घेऊन होईपर्यंत गाडी थांबते." आपण वाढताना पुढच्या पानाकडे सरकायच्या आधी मागचा माणूस पुरे म्हणेपर्यंत थांबतो, तेच ते, असं तिचं म्हणणं.

किल्ला लवकर सांगते, कारण त्याच्यावर खूप लिहिलं गेलंय. राजा मानसिंह तोमरांचा मानमंदिर महाल, निळ्या चकाकत्या फरश्या, त्यावर पिवळी बदकं. आई, दादा आणि वहिनी गाडीने वर गेले. भाची आणि मी चढत्या वाटेने चतुर्भुज मंदिर बघत गेलो. एकाच दगडातलं छोटं देऊळ, आणि आत भिंतीवर इसवी सन 876 चा लेख. त्यात देवाच्या बागेची लांबी 270 हात आणि रोजच्या माळा 50, असे आकडे आहेत. आज आपण लिहितो तसं गोल शून्य घालून लिहिलेले. भाचीने त्या शून्यावरून नजर हलवली नाही. खाली हजिरा भागात तानसेनाची कबर, शेजारी चिंच. त्या चिंचेचा पाला खाल्ला की गळा गोड होतो ही गायकांची श्रद्धा. भाची गाणं शिकते, तिने श्रद्धेने पान चावलं. तिचं गाणं ज्या परंपरेतलं, ती इथूनच महाराष्ट्रात आली. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी ग्वाल्हेरची गायकी दक्षिणेत रुजवली आणि विष्णू दिगंबर पलुस्कर त्यांचे शिष्य. हे तिला तिच्या बाईंनी सांगितलं होतं. पण त्या कबरीसमोर उभी राहिल्यावर तिने चप्पल काढून वाकून नमस्कार केला, ते कुणी सांगितलेलं नव्हतं.

आता त्या संध्याकाळबद्दल. हॉटेलातल्या जेवणघराचं नाव सिल्व्हर सलून. नेहमीच्या उत्तर भारतीय पदार्थांबरोबर तिथल्या यादीत नेपाळी आणि मराठी पदार्थही होते. दादाला मराठी कळलं, नेपाळीचं कोडं पडलं. वाढणाऱ्या मुलाने समजावून सांगितलं. ग्वाल्हेरच्या राजघराण्याचं नेपाळशी पिढ्यांचं नातं आहे. महाराज जिवाजीराव शिंद्यांशी 1941 मध्ये लग्न झालेल्या विजयाराजे यांची आई नेपाळच्या राणा घराण्यातली, आणि विजयाराजे स्वतः सागरला आजोळी वाढलेल्या. पुढे त्यांची मुलगी नेपाळात राणांकडे दिली आणि सून नेपाळहून आली, माधवीराजे. मुली गेल्या, सुना आल्या, आणि त्यांच्याबरोबर मसाल्याचे डबे आले.

आम्ही नेपाळी मटण मागवलं. सोबत भाजलेल्या टोमॅटोची चटणी. आईने भाताबरोबर आधी चटणी घेतली. घास तोंडात असतानाच ती थांबली. मला वाटलं, तिखट लागलं. ती म्हणाली, "अगं, हे तिरफळ आहे."

कोकणात ज्याने बांगड्याचं तिखलं खाल्लंय त्याला तिरफळ म्हणजे काय ते सांगायला नको. जिभेला किंचित मुंग्या आणणारा, लिंबाच्या सालीसारखा वास असलेला तो मसाला. घाटावरच्या घरांत तो सहसा नसतो. पुण्यात आई तो वेंगुर्ल्याहून येणाऱ्या कुणाकडून तरी मागवते आणि काचेच्या बरणीत लपवून ठेवते. ग्वाल्हेरच्या राजवाड्यात तो कुठून येणार? पण तिची जीभ चुकत नाही. मुलगा आत जाऊन विचारून आला आणि सोबत मुदपाकखान्यातले मुख्य आचारीच आले, हातात एक वाटी घेऊन. वाटीत बारीक तपकिरी फळं, उकललेली. "टिमुर," ते म्हणाले, नेपाळहून येतं. आईने एक उचलून नाकाशी नेलं, दोन बोटांत चुरडलं. आमच्यापेक्षा बारीक आहे, वास जास्त तिखट आहे, पण घराणं एकच, असा तिचा निकाल. वनस्पतिशास्त्रही तेच सांगतं. टिमुर आणि तिरफळ ही एकाच कुळातली झाडं. एक हिमालयाच्या उतारावरचं, दुसरं सह्याद्रीच्या.

मग जे झालं ते मला कुठल्याही थाटापेक्षा मोलाचं वाटतं. आचारी आईच्या शेजारी उभे राहिले आणि दोघांचं सुरू झालं. ती सांगत होती की आम्ही ते वाटत नाही, अख्खं ठेचून शेवटी घालतो, आतली काळी बी काढून टाकतो. ते म्हणाले, बी आम्हीही काढतो, पण साल भाजून कुटतो, चटणीत घालतो. ती म्हणाली, बांगड्याला घालून बघा. ते म्हणाले, ग्वाल्हेरला ताजा बांगडा कुठला, माताजी. तिचं हिंदी मोडकं, त्यांच्या कानाला मराठीची सवय. शिंद्यांच्या गावात ती असतेच. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी तिच्यासाठी वरणभात, तूप, लिंबू आणि टिमुर घातलेली टोमॅटोची चटणी असं ताट खोलीत पाठवलं. आम्ही मागितलं नव्हतं. आई ते व्हरांड्यात उन्हाला बसून जेवली.

महागड्या हॉटेलात सगळं गुळगुळीत आणि कुठेही असावं तसं असतं, ही तक्रार मी ऐकते आणि पुष्कळदा ती खरीही असते. जगातल्या कुठल्याही शहरात तीच न्याहारी, तीच फळं, तीच उशी. पण जे घर आधी घर होतं, त्याच्या स्वयंपाकात त्या घरातल्या माणसांच्या सोयरिकी उरतात. त्या शोधायला वेळ लागतो. आम्ही फक्त राहून निघालो असतो तर कळलं नसतं, आणि फक्त बाजारात खाल्लं असतं तरी कळलं नसतं.

आईच्या आत्याचं घर आता लष्करात नाही, पण त्यांच्या नात्यातल्या एक बाई अजून तिथे राहतात. वहिनीने फोनाफोनी करून त्यांना शोधलं. संक्रांत ते रथसप्तमी हळदीकुंकवाचे दिवस, तेव्हा आम्ही रिकाम्या हाताने जाणं शक्यच नव्हतं. वाड्याचा चौक, तुळशीवृंदावन, भिंतीवर खंडोबाचा टाक असलेला देव्हारा. काकू आमच्याशी मराठीत बोलत होत्या आणि मधूनच हिंदी येत होतं. "बसा ना, मी अभी चहा करते." चहाबरोबर त्यांनी लोणचं-मठरी दिली. लोणचं मोहरीच्या तेलातलं. त्या म्हणाल्या की त्यांच्या सासूबाई शेंगदाण्याच्या तेलासाठी हट्ट धरायच्या, पण नातवंडांना मोहरीच्या तेलाशिवाय लोणचं लोणचं वाटत नाही. आमटीत मात्र गोडा मसाला हवाच, आणि तो अजून पुण्याहून येतो. आई आणि त्या हात धरून बसल्या होत्या. आम्ही तिळाच्या वड्या दिल्या, त्यांनी गजक दिली.

गजक मुरैन्याची. ग्वाल्हेरपासून तासाभरावरचं चंबळच्या खोऱ्यातलं गाव, 2023 मध्ये तिथल्या गजकेला भौगोलिक मानांकन मिळालं. काकूंच्या पुतण्याने आम्हाला ती करताना दाखवायला नेलं. गुळाचा पाक आटवतात, दगडावर ओतून थंड करतात, मग तो लोळा भिंतीतल्या खुंटीला अडकवून दोन्ही हातांनी ओढतात, दुमडतात, परत ओढतात. ओढता ओढता गूळ फिकट होत जातो, सोनेरी, मग जवळजवळ पांढरा. मग भाजलेल्या तिळात घालून लाकडी मोगऱ्यांनी कुटायचं. दोघं-तिघं समोरासमोर बसून तालात कुटतात, एकाचा हात वर गेला की दुसऱ्याचा खाली. म्हणून तिच्यात पापुद्रे येतात आणि ती दातांना न चिकटता विरघळते. आपली तिळाची वडी आणि ती, दोन्हींत तीळ आणि गूळच. सगळा फरक हातांच्या मेहनतीचा.

परत येताना एक डबा फक्त प्रवासासाठी वेगळा ठेवला होता. भुसावळ यायच्या आत तो रिकामा झाला. बाकीचे डबे वहिनीने कुलूप घालून ठेवले. आचाऱ्यांनी कागदात बांधून दिलेलं मूठभर टिमुर आईच्या पिशवीत होतं. ते कशात घालायचं यावर तिचं आणि दादाचं मनमाडपर्यंत चाललं. दादा म्हणत होता मटण, आई म्हणत होती बांगडा. मनमाड गेल्यावर तिने चष्मा पुसला, भाचीच्या हातातल्या फोनकडे बोट दाखवलं आणि म्हणाली, "त्यात बघ गं जरा, तंजावरला कधी थंडी असते? तिथेही आपलीच माणसं राज्य करत होती ना. त्यांचं काय काय खायचं उरलंय ते बघून येऊ."

भाचीने सांगितलं, आजी, तंजावरला थंडी नसतेच. आईने विचारलं, मग पाऊस कधी संपतो? जानेवारी ठरतोय.